रविवारची प्रॅक्टिस

माझी बायको दर रविवारी मरायची.

नाश्ता झाला की पर्स उचलायची, दारात उभी राहून इराला सांगायची, "आई नाही. आता बाबा." मग फोन बंद करून चालती व्हायची.

या बुधवारी मेघना खरंच गेली.

डेंग्यू. ताप अंगावर काढला, कारण इराची मेंदूची टेस्ट होती आणि ती अपॉइंटमेंट हिला सोडायची नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इरा आमची मुलगी, तेरा वर्षांची. ऑटिझम आहे आणि फिट्स येतात.

नवीन माणूस दिसला की तिचा पहिला प्रश्न, "तुमच्या घरी गीझर डावीकडे आहे की उजवीकडे?"
फरीदाबादच्या आमच्या अख्ख्या सोसायटीचे गीझर तिला पाठ आहेत.

फिट्सच्या गोळ्या चुकवून चालत नाहीत. आणि इरा गोळी घ्यायची फक्त आईच्या हातून. मी दिली की तोंड घट्ट बंद.

त्यातून हे प्रॅक्टिसचं खूळ निघालं.

"अगं, शुभ बोल जरा," मी म्हणायचो.

"शुभ बोललं की ती तुझ्याकडून गोळी घेणार आहे का? मला उद्या काही झालं तर? आई नसली तरी दिवस होतो, हे तिला कळू दे. आणि तुलाही."

पहिल्याच रविवारी इराला फिट आली. शेजारच्या आंटी कांदा घेऊन धावत आल्या, "सुंघाओ भाईसाहब, सुंघाओ!" मी इराला कुशीवर वळवलं, उशी काढली, वाट बघितली. मेघनाचा फोन बंद. मनातल्या मनात तिला काय काय बोललो, ते इथे लिहिता येणार नाही.

संध्याकाळी बाईसाहेब दिल्लीच्या करोल बागेतून परत. हातात केसांच्या पिना आणि कुलच्यांचं पार्सल.

मी आवाज चढवला. ती म्हणाली, "जमलं ना पण तुला?"

आणि बाथरूममध्ये जाऊन रडली. नळ सोडून. मला ऐकू आलंच.

हळूहळू जमायला लागलं. रविवारी दुपारची गोळी इरा माझ्याकडून घ्यायला लागली. मेघनाने त्या दिवशी शिरा केला. म्हटलं, शिरा कशाला यार, मी काय पास झालो की काय? "बिल्कुल!" म्हणाली.

रात्रीची गोळी मात्र आईचीच राहिली. कारण रात्रीपर्यंत ती परत आलेली असायची.

दोनदा बेल वाजवायची. दोनदा म्हणजे आई. एकदा वाजली तर इरा जागची हलायचीसुद्धा नाही. दोनदा वाजली की धावत जाऊन दार उघडणार, आधी चपला बघणार, मग म्हणणार, "आई आली."

बुधवारी मी तिला जवळ बसवून सांगितलं, "इरा, आई वारली. आता येणार नाही."

तिने माझ्याकडे बघितलंही नाही.
"आज बुधवार आहे," म्हणाली.

आई नसते ती रविवारी. विषय संपला.

मेघना ॲडमिट झाल्यापासून रात्रीची गोळी म्हणजे रोजची लढाई. सासूबाई पुण्याहून आल्यात. आम्ही दोघं इराला धरतो, ती किंचाळते, अर्धी गोळी थुंकते. शुक्रवारी फिट आलीच.

आज रविवार.

सकाळपासून पोरगी एकदम शांत. माझ्या हातून गोळी घेतली, जेवली, भांडं उचलून ठेवलं. भेटायला आलेले लोक म्हणाले, "बघा, किती शहाणी! सावरली हो."

ती सावरली नव्हती. तिच्या हिशेबाने आजची प्रॅक्टिस चालू होती. संध्याकाळी बेल वाजणार होती.

मेघना, तू सगळ्याची प्रॅक्टिस करून घेतलीस गं. परत न येण्याची तेवढी राहिली.

संध्याकाळी इरा हॉलमध्ये दाराकडे तोंड करून बसली. मी गोळी पुढे केली. "आई देणार."

मला रडू आवरेना. तिच्यासमोर नको म्हणून बाहेर पडलो. मागे दार ओढलं गेलं, लॉक झालं. किल्ली आत. सासूबाईंना कमी ऐकू येतं.

एकदा बेल वाजवली. कोणी उघडलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा एकदाच वाजवली. दार ठोठावलं, हाका मारल्या. आत सगळं शांत.

मी किती वेळ तसाच उभा होतो कोण जाणे. दोनदा वाजवायला हात होईना.

शेवटी वाजवली. दोनदा.

आतून पावलं धावत आली. दार उघडलं. इराने खाली बघितलं. माझ्या रबरी स्लिपर.

बराच वेळ ती त्यांच्याकडेच बघत होती. मी म्हटलं, आता किंचाळणार.

"आई नाही," ती म्हणाली. "आता बाबा."

आणि हात पुढे केला.

तिला काय कळलं, मला माहीत नाही. पुढच्या रविवारी ती परत दाराशी बसेल का, तेही माहीत नाही. मला भीती वाटतेय, आणि हे मी मेघनाशिवाय कोणाला सांगू?

खाली कमेंटमध्ये सगळे श्रद्धांजली लिहाल. लिहा. माझ्याकडून एवढंच.

मेघना, रात्रीची गोळी दिली. अख्खी घेतली तिने.

ये आता.