झुंबरचा कान आणि आप्पासाहेबांचा काटा

बारामती-इंदापूर रस्त्यावर एके काळी झुंबर ड्रायव्हरचा कान नावाजलेला होता. तो आप्पासाहेबांची उतारू नेणारी सर्व्हिस मोटर चालवायचा, पण चार गावांच्या बिघडलेल्या मोटारी त्याच्या दारात यायच्या. झुंबर बॉनेट उघडायचा, डोळे मिटून मान तिरकी करायचा आणि म्हणायचा, "तिसरा प्लग लंगडतोय." उघडून पाहावं तर तिसराच निघायचा! लोक तोंडात बोटं घालायचे.

तसा तो पणदऱ्याचा, मळेकऱ्याचा मुलगा. लहानपण गेलं बापाच्या तागडीशेजारी, वांगी नि मिरच्या मापताना. विशीत असताना कालव्याजवळ चिखलात रुतलेली एक मोटर ढकलायला म्हणून गेला, तो गाडीतच बसून राहिला. बापाने पुढे दोन वर्षं तोंड पाहिलं नाही. पण गाडीवाल्याने शिकवलं, झुंबर शिकला, आणि अक्षरओळख नसताना इंजिनाची नस न नस ओळखू लागला.

हे सारं छत्तीस सालापर्यंत झकास चाललं. मग ज्या कानाने नाव दिलं त्यानेच दगा दिला. पंधरा वर्षं इंजिनाच्या घरघरीशेजारी बसून आधी बारीक आवाज गेले, मग मोठेही विरत चालले. ड्रायव्हर बहिरा झाला हे कळलं की गाडी हातातून गेलीच, अशी झुंबरची खात्री होती. कुदळ धरायची त्याला लाज नव्हती. पण "झुंबर, जरा ऐक बरं हिला काय झालंय," असं आता कुणीच म्हणणार नाही, हे त्याला सोसवत नव्हतं. म्हणून तो अजूनही मान तिरकी करायचा आणि सवयीवर वेळ मारून न्यायचा.

घरात मात्र सोंग टिकलं नाही. बायको छबूबाईने विचारावं, "भाकरी वाढू का?" आणि झुंबरने उत्तर द्यावं, "व्हय, लासुर्ण्यापातुर खड्डंच हायेत." छबूबाई काय समजायचं ते समजली. चारचौघांत ती त्याच्या डाव्या हाताला उभी राहू लागली आणि लोकांचं बोलणं कानाशी लागून त्याच्यापर्यंत पोचवू लागली.

अशात आप्पासाहेबांनी पुण्याहून एक काटा आणला. घड्याळाएवढी काचेची तबकडी, मागे रबरी नळी. नळी इंजिनाला जोडली की इंजिन हवा किती जोराने ओढतंय ते काटा दाखवणार. आप्पासाहेब हौशी माणूस. त्यांनी तो स्वतः ड्रायव्हरपुढे बसवला आणि स्टँडवर सगळ्यांना ऐकवलं, "काटा थरथरला की समजायचं, इंजिनात खोट हाय. जागेवर ठरला पायजे."

स्टँडवर लगेच दोन तट पडले. कुणी म्हणालं, इंग्रजाची अक्कल ती! कुणी म्हणालं, पैशाला पाय फुटले. सगळ्यांत मोठ्याने बोलला झुंबरच. "जाणत्याला काटा कशाला? आन् अजाणत्याला काट्याचा उपेग काय?"

लोकांनी माना डोलावल्या. पण झुंबरच्या मनात लाडू फुटत होते. जे कानाला ऐकू येत नाही ते डोळ्याला दिसणार, याहून काय हवं! दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने इंजिन सुरू केलं आणि प्लगची ठिणगी कधी पडावी ते टायमिंग मागेपुढे करत काट्याकडे पाहत बसला. काटा एकीकडे झुकलेला. तागडीशेजारी वाढलेल्या माणसाला ते कसं बघवावं? काटा मधोमध उभा तेव्हाच माप खरं, हे बापाने कान पिळून शिकवलं होतं. झुंबरने टायमिंग मागे मागे नेत काटा बरोबर मधोमध आणला. जराही हलेना. त्याने समाधानाने हात पुसले.

गाडी निघाली. मागे भाजीच्या पाट्या घेऊन बाजाराला निघालेल्या बाया, त्यांत छबूबाईही, आणि पुढे काट्याचं कौतुक पाहायला खुद्द आप्पासाहेब. लासुर्ण्याच्या अलीकडे साध्या चढाला गाडी धापा टाकू लागली. पाणी उकळलं, वाफेचा लोट उठला आणि गाडी थांबली. काटा शेवटपर्यंत मधोमध होता.

बाया फिदीफिदी हसल्या. आप्पासाहेब ओशाळले. इंजिन निवल्यावर पाणी भरून झालं तसे ते म्हणाले, "जाऊ दे, झुंबर. हे खूळ काढून टाकू. तू आपला कानानंच लाव."

झुंबरला हे नेमकं ऐकू आलं. त्याने इंजिन सुरू केलं, बॉनेट उघडून वाकला, मान तिरकी केली, डोळे मिटले. पण नुसता गडगडाट. त्यात ना प्लग, ना व्हॉल्व्ह. सगळे त्याच्याकडे पाहत होते आणि तो तसाच वाकून उभा होता.

छबूबाई खाली उतरली. तिने त्या तबकडीकडे निरखून पाहिलं, मग त्याच्या कानाशी येऊन विचारलं, "आवं, काटा मधीच का ठिवलाय?"

"मधीच पायजे. तागडीचा न्हाय का ऱ्हात?"

"तागडीला दोन पारडी असत्यात. हितं तर येकच नळी हाय. मग मधोमध कुणाकुणाच्या?"

झुंबरने त्या एकट्या नळीकडे पाहिलं. मग स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. अरे, हे तोलणं नव्हे, हे ओढणं! बैल जितका जोराने ओढेल तितकं बरं, त्याला मधोमध कोण अडवतो? त्याने टायमिंग हळूहळू पुढे घेतलं. काटा चढू लागला. मडगार्डवरच्या तळहाताला इंजिनाचा दम भरताना कळत होता. पार वर जाऊन काटा थरथरला, तेव्हा त्याने केसभर मागे घेतलं. काटा ठरला.

मग गाडी जी सुटली ती थेट इंदापूरला. पाट्या उतरवताना बाया एकमेकींना सांगत होत्या, "कान म्हंजे झुंबरचा!" छबूबाईने सवयीने ते त्याच्यापर्यंत पोचवलं. ते ऐकून झुंबरला एकाएकी या लपवालपवीचा वीट आला. तो इंजिन फिरवायचं हँडल हातात घेऊन आप्पासाहेबांपुढे उभा राहिला.

"मालक, कानानं न्हाय लावली. काट्यानं लावली. कान गेलाय माझा. दोन सालं झाली."

आप्पासाहेबांनी आधी काट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आरं, काटा तर मीबी बघत हुतो. मला काय उमगलं? बघाया डोळं हायेत, लावाया हात हायेत. गाडी तूच चालव."

झुंबरच्या कानात शिरलं ते एवढंच : तू चालता हो.

त्याने हँडल आप्पासाहेबांच्या पायाशी ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि बारामतीच्या वाटेला लागला. आप्पासाहेब हाका मारताहेत, बाया ओरडताहेत, आणि हा पठ्ठ्या पाठ फिरवून आपला चाललाय. शेवटी छबूबाई पदर खोचून धावली. तिने त्याची बाही धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा भर बाजारात नवऱ्यावर ओरडली, "आवं, चालव म्हनत्यात, चालव! चालता हो न्हाय!"

सगळा बाजार हसला. झुंबर सगळ्यांच्या शेवटी हसला, कारण त्याला ते सगळ्यांच्या शेवटी कळलं. मग त्याने परत येऊन हँडल उचललं आणि छबूबाईला पुढच्या बाकावर, आपल्या डाव्या कानाशी बसवलं.