खारकेची दोरी

"नाना गेले," एवढंच ह्यांनी फोनवर सांगितलं. नाना माझे भासरे, ह्यांचे थोरले भाऊ. आमच्याकडे भासऱ्याशी सरळ बोलायची रीत नाही. एका घरात इतकी वर्षं काढली, पण बोलणं कायम कुणाच्या तरी आडून. मनू झाल्यावर तो मान तिच्याकडे आला. तिला मांडीवर घेऊन नाना म्हणायचे, "सांग बाई तुह्या मायले, दूध उतू चाललं." मीही पदर सावरून मनूलाच सांगायची, "उतरवलं म्हणा मोठ्या बाबाले."

नाना भारी भित्रे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. नाना न पोळताच फुंकायचे. मनूला दात येऊ लागले तेव्हा हिरड्या सुजून ती दिवसभर किरकिरायची, दिसेल ते चावायची. नानांनी साखरखेर्ड्याच्या बाजारातून खारीक आणून तिला चघळायला दोरीत ओवली. पण दोरी गळ्याला फासली तर? खारीक घशात गेली तर? म्हणून दोरीचं टोक मुठीत धरून ते ओसरीवर बसून राहायचे, ताटातली भाकरी निवून गेली तरी. मी आत पिठात हात घालून हसायची.

त्या वर्षी आमच्या शेतात पहिल्यांदा बीटी कपाशी टोबली. तिचं बी, म्हणजे सरकी, लाल विषारी औषध लावलेलंच यायचं. हे दुपारी जेवायला आले, सदरा काढून ओसरीवर टाकला आणि खिशात उरलेली सरकी सांडली. नाना तेवढ्यात पाणी प्यायला उठले होते...

"सुमन! धाव! पोरीनं सरकी तोंडात घातली!"

त्यांच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. मनूची लाळ लाल झाली होती. नानांनी तिच्या तोंडात बोट घालून एक सरकी काढली, मग हिरडीला चिकटलेली दुसरी. "खिशात किती होत्या बे?" त्यांनी ह्यांना विचारलं. ह्यांना सांगता येईना. एखादी पोटात गेली असली तर?

मोटरसायकलला घाबरणारे नाना मनूला छातीशी धरून ह्यांच्या मागे बसले. मी त्यांच्या मागे. डॉक्टर म्हणाले, "आत्ताच काही सांगता येत नाही. इथंच थांबा." मनूचा डोळा लागला की माझा जीव उडायचा, मी तिला हलवून जागं करायची. नानांचं बोट ती चावत होती, ते त्यांनी काढलं नाही. दिवस कलला तशी ती भुकेने टाहो फोडून रडली आणि डॉक्टर हसले. नानांनी बोट पाहिलं. रक्ताचा ठिपका होता.

"सांग तुह्या मायले," ते मनूला म्हणाले, "दात आला म्हणा."

दवाखान्यात आम्ही शेवटचं भेटलो तेव्हा त्यांना धाप लागली होती. मनू उशाशी बसलेली. तिचा हात धरून म्हणाले, "सांग तुह्या मायले... त्या दिवशी म्या दोरी सोडली होती." इतकी वर्षं ते हे मनात घेऊन बसले होते! मला हुंदका आवरेना, उत्तर राहूनच गेलं.

आता मनूच्या लेकीला दात येताहेत. नानांची दोरी ओसरीच्या खुंटीला तशीच होती. मी तिच्यात नवी खारीक ओवली. कपाशी लावणं आम्ही कधीच सोडलं, घरात सरकीचा दाणा नाही, तरी मी जमीन हाताने चाचपून पाहते. पायाला मुंग्या येतात, घशाला कोरड पडते, पण पाण्यासाठी उठवत नाही. नात खारीक चघळत माझ्याकडे बघते.

"सांग बाई मोठ्या आज्याले," मी तिला म्हणते, "दोरी म्या धरली म्हणा. आता भेऊ नका म्हणा."