दोऱ्याचं अर्धं वाक्य

दोन वर्षांपूर्वीच्या नारळी पौर्णिमेला, दुपारी चारच्या सुमारास, मुरुडजवळच्या एका कोळीवाड्यात दोऱ्या आणि सिद्धार्थ या दोघांचं रॅप गाणं मांडवातल्या स्पीकरवर वाजलं. आधी अर्धं वाजलं, मग पूर्ण.

दोऱ्या आगरदांडा ते दिघी फेरीबोटीवर दोर फेकायच्या कामाला होता. नाव त्यावरूनच पडलं. तो वाक्य कधी पुरं करत नसे. बोटीवर चढणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला तो सांगे, "गाडी गिअरमध्ये, हॅन्डब्रेक…" आणि ड्रायव्हरने "ओढला" म्हणेपर्यंत तिथून हलत नसे. मी तेव्हा एका दैनिकाचा वार्ताहर होतो, आठवड्यातून दोनदा दिघीला जात असे. काही विचारलं की म्हणे, "तुम्ही पेपरवाले, तुम्हाला तर…" पुढचं मी भरायचं.

सिद्धार्थ दिघीच्या धक्क्यावर. दोऱ्याने फेकलेला दोर तो झेले आणि खुंट्याला बांधे. गाड्या उतरून नव्या चढेपर्यंत दोघांना जेमतेम दहा मिनिटं मिळत. गाणं त्या दहा मिनिटांतच झालं. एका फेरीला दोऱ्या अर्धी ओळ आणे, पुढच्या फेरीला सिद्धार्थ उरलेली देई. "खाडीला इचारली वाट मी" हे दोऱ्याचं, "तिनं नाव नाही विचारलं" हे सिद्धार्थचं. "दोर फेकला मी." "धरला मी." रेकॉर्डिंग एका रिकाम्या टेम्पोच्या केबिनमध्ये, काचा वर करून, मोबाईलवर झालं.

सिद्धार्थ दिघीच्या वरच्या अंगाला बौद्धवाडीत राहत असे. त्याचे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक. "हे गाणं आहे की भांडण?" असं त्यांनी आधी विचारलं, मग गाण्याची वही मागून घेतली आणि लाल पेनाने तपासून परत दिली. दोऱ्याने ते पान मला दाखवलं होतं. म्हणाला, "गुरुजींनी शेरा न्हाय दिला, पन…"

गाणं पहिल्यांदा आपल्या कोळीवाड्यातच, दोघांच्या आवाजात वाजेल, असा शब्द दोऱ्याने सिद्धार्थला दिला होता. सणाच्या सकाळी वाड्याच्या उत्सव कमिटीचे अध्यक्ष त्याला म्हणाले, "तुझं वाजवू. पलीकडच्या वाडीतला आवाज आपल्या सणाला नको."

"कापा, नाखवा," दोऱ्या म्हणाला. "कापून काय उरंल ते…"

अध्यक्षांनी वाक्य पुरं केलं नाही. स्पीकरवाल्याने सिद्धार्थचा आवाज तेवढा काढला. सिद्धार्थ आणि त्याचे वडील दुपारच्या पहिल्या बोटीने आले, मागच्या खुर्च्यांवर बसले. वडिलांच्या अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

गाणं सुरू झालं. दोऱ्याची अर्धी ओळ, मग नुसता ठोका. पुन्हा अर्धी ओळ, पुन्हा ठोका. "दोर फेकला मी" आलं आणि पुढे काहीच आलं नाही. पहिल्या रांगेत दोऱ्याची आई होती, मुरुडच्या बाजारात मासळी विकणारी. बसल्या जागेवरून तिने विचारलं, "अरं, दोर फेकलास, पन धरला कुनी? बोट गेली ना वाहून."

बायका हसल्या, मग पुरुष. अध्यक्षांचं आयुष्य बोटीवर गेलं होतं.

"पुरं लाव," ते स्पीकरवाल्याला म्हणाले.

सिद्धार्थचे वडील गाणं संपेपर्यंत उभे होते.

त्यानंतर काही महिन्यांनी दोऱ्याला मालवाहू जहाजावर खलाशाची नोकरी लागली. शेवटच्या फेरीला दिघीला त्याने दोर फेकला, सिद्धार्थने बांधला. "मी येईपर्यंत हे…" दोऱ्या म्हणाला.

"बघतो," सिद्धार्थ म्हणाला.

गेल्या नारळी पौर्णिमेला दोऱ्या समुद्रावर होता. कमिटीच्या फलकावर दोघांचीही नावं होती. सिद्धार्थने आपल्या ओळी माईकवर म्हटल्या. दोऱ्याच्या ओळी त्याच्या आईने म्हटल्या.