कोड सुरतेला गेला

जळगावच्या एका लहान कंपनीत मी वेबसाइटवरचा मराठी मजकूर लिहितो. लिहितो म्हणजे काय, मी लिहायचं आणि साहेबांनी त्याला सुटाबुटात उभं करायचं. मी 'मोबाइल नंबर टाका' लिहिलं की ते 'भ्रमणध्वनी क्रमांक प्रविष्ट करावा' करतात. भारदस्त वाटतं म्हणे. सुरुवातीला भांडलो. आता पालथ्या घड्यावर पाणी ओतायचाही कंटाळा येतो.

धुळ्याच्या एका दवाखान्यासाठी आम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनची नावं नोंदवायचं पान केलं. त्यात मी एकच बटण मागितलं होतं, 'हा नंबर माझ्याजवळ नाही'. आमच्याकडे पोरगा सुरतेला कामाला निघाला की घरातला एकुलता एक फोनही त्याच्या खिशातून सुरतेला जातो. दवाखान्याच्या कार्डावर नंबर तोच राहतो. साहेब म्हणाले, "स्वतःचा नंबर स्वतःजवळ नाही, असं कुठे असतं का?" बटण गेलं.

मग पान लोकांना जमतंय का हे बघायला त्यांनी मलाच साक्रीजवळच्या एका गावात पाठवलं. तिथे एका अक्कांच्या ओट्यावर बसलो. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पोरगा सुरतेला यंत्रमागावर. गावभर गोधड्या शिवून देणारी बाई, आता सुई हातात धरत नव्हती. नोंदणीचा तो शेवटचा दिवस होता. मी वाचून दाखवत होतो, त्या सांगत होत्या. कार्डाचा क्रमांक टाकला. पान म्हणालं, 'आपल्या नोंदणीकृत भ्रमणध्वनीवर कोड पाठविण्यात आला आहे.'

"कोठे धाडा?" अक्कांनी विचारलं.

"सुरतेला," मी म्हणालो. हसावं की रडावं कळेना.

शेजारणीचा फोन शेजारणीबरोबर शेतात गेलेला. म्हणून कार्डावरचा तोच नंबर माझ्या फोनवरून लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे यंत्रमागांचा खडखडाट.

"बेटा, मी तुनी माय. तुना फोनवर नंबर उना व्हई, तो सांग."

मग पोरगा म्हणाला, "मनी मायजोडे फोन नही शे. मायना आवाज काढीसन माले फसाडतस का?" आणि फोन कट.

त्याचं तरी काय चुकलं? मेसेजच्या खाली लिहिलेलंच असतं, कोड कोणालाही सांगू नका. आमच्या अख्ख्या मजकुरातलं तेवढं एकच वाक्य त्याला सरळ समजलं होतं.

शेवटी दवाखान्यात फोन केला, ओळख काढली, हातापाया पडलो आणि अक्कांचं नाव लिहून घ्यायला लावलं. जे काम विनवणीशिवाय व्हावं म्हणून वेबसाइट केली, ते विनवणीनंच झालं. फार थकल्यासारखं वाटलं. तरी अक्कांना म्हणालो, "झालं अक्का. ऑपरेशन होईल तुमचं."

त्या खूश झाल्या नाहीत. "ते व्हई, भाऊ. पन आंडोरनी मना आवाज वळखा नही."

पदराच्या काठावरून बोट फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "आखो एकदाव लाय. आते कोड मांगाव नही. नुसतं बोलसू."

मी लावला. पुन्हा लावला. पोरानं माझा नंबर ब्लॉक केला होता.