ट्रॅक्टर आणि सासूबाईंची पाळ

नवऱ्याने ट्रॅक्टर घेताना मला विचारलं नाही. आणल्यावर मात्र ओवाळायला बोलावलं. स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. जंगलातली लाकडं ओढून म्हातारा झालेला, लोखंडी चाकांचा तो ट्रॅक्टर एका ठेकेदाराने विकायला काढला होता, आणि आमची बैलजोडी देऊन ह्यांनी तो घेतला. दारापर्यंत तो दुसऱ्याच्या बैलांनीच ओढत आणला होता. मी ओवाळलं.

सगळा उन्हाळा दुरुस्तीत गेला. बल्लारपूरच्या खाणीतला एक फिटर रविवारी यायचा, इंजिन उघडून अंगणभर पुर्जे मांडायचा आणि जेवायला बसायचा. "बाई, अजून येक पुर्जा बदलला का चालते पाहा," हे ठरलेलं. माझ्या सुपाला, पातेल्यांना, भातालासुद्धा घासलेटचा वास. मी थकले होते, आणि थकलेल्या बाईला आशा दाखवणाऱ्या माणसाचा फार राग येतो.

जेठ संपता संपता इंजिन एकदाचं धडधडलं. हँडल फिरवून फिरवून हे घामाने निथळले होते, आणि पोरासारखे हसत होते. तेवढ्यापुरतं मलाही बरं वाटलं.

पण भाताच्या बांध्या, म्हणजे खाचरं ती केवढीशी! ट्रॅक्टरला आत शिरायला वाट नाही, वळायला जागा नाही. ह्यांनी कुदळ घेतली आणि पाळ फोडायला लागले. बांधीत पाणी अडवणारी ती मातीची पाळ माझ्या सासूबाईंनी डोक्यावर माती वाहून घातली होती. त्या गेल्या, तरी गवताच्या मुळांनी ती घट्ट धरून ठेवली होती.

"पाळ काऊन फोडता जी? पाणी कशानं थांबन?"

"नांगरणी झाली का बांधून टाकू ना वो. तू भेते लय."

नांगरणी अर्धी झाली आणि पाऊस लागला, तो थांबेचना. बाहेर काढताना ट्रॅक्टर खालच्या पाळीच्या खिंडारातच रुतून बसला. वरच्या सगळ्या बांध्यांचं पाणी त्याच्या बाजूने नाल्यात चाललं. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, रोवणीला आलेले. पाणी थांबलं नाही तर त्या वर्षी भात नाही, इतकं सरळ होतं.

आम्ही दोघं खिंडारात माती टाकायचो, ती वाहून जायची. गावातले बैल जुंपून पाहिले. दोर तुटला, ट्रॅक्टर जागचा हलला नाही. हे गुडघाभर पाण्यात त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "राहू दे वो. याच्याच अंगावर माती टाक. इथी थांबन ते."

उन्हाळाभर मी त्याला शिव्या घातल्या होत्या, आणि आता टोपली ओतायला माझा हात उचलेना. रडूच आलं मला. पहिली टोपली ह्यांनी ओतली, इंजिनावर.

पाणी थांबलं, रोवणी झाली. पुढे ती पाळ कुठे ना कुठे फुटायची, पण तिथे कधी फुटली नाही. दुपारची शिदोरी आम्ही पाळीवरच सोडायचो. त्या जागेवर मात्र हे कधी बसले नाहीत.