भिंतीआधी ठरलेले रंग

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार जव्हारच्या बाजारपेठेतल्या पेंटर चाचांचे. पोशेऱ्याहून, माझ्या गावाहून, मी कॉलेजला आलो तेव्हा त्यांनी दुकानामागची खोली मला राहायला दिली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवीपर्यंत गेलं नव्हतं. ती खोली नसती तर मीही गेलो नसतो.

चाचा पाट्या रंगवत. गिऱ्हाईक आलं की आधी एका फळीवर रंगाचे चार पट्टे ओढत आणि शेजारी लिहीत: मथळा, मजकूर, किनार, इशारा. मग तेच रंग भिंतीवर, पत्र्यावर, कापडावर, जीपच्या पाठीवर. मी हे तीन वर्षं रोज पाहिलं. त्यात शिकण्यासारखं काही असेल असं वाटलं नाही.

पुढे ठाण्यात वेबसाइट बनवणाऱ्या एका लहान कंपनीत लागलो. पानांचं रंगरूप माझ्याकडे होतं. पानं ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर उभी होती, त्यानेच भागांना दिलेली नावं खुणा म्हणून धरून मी सगळे रंग आणि अक्षरं बसवली. वर्षभराने कंपनीने सांगाडा बदलला. खुणा गेल्या आणि पानं एका दिवसात बोडकी झाली. साहेब म्हणाले, "सोमवारपर्यंत जमतं का बघ. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

चाचांना फोन केला तो फक्त आवाज ऐकावा म्हणून.

"आवाज का पडलाय, बेटा?"

"सांगाडा बदलला, चाचा. माझे रंग गेले सगळे."

"म्हणजे भिंतीला विचारून रंग ठरवलेस? फळी नाही केली? माझ्या खोलीत तीन वर्षं नुसता झोपलास काय रे?"

त्यांच्या फळीवरची चार नावं मी तशीच घेतली आणि सगळे रंग एका वेगळ्या फाइलीत नेले. त्या फाइलीत सांगाड्याचं नाव कुठेच नव्हतं. जुन्या पानांवरही ती चालली, नव्यांवरही. साहेबांनी विचारलं, "हे कुठे शिकलास?" मी म्हणालो, "एका पुस्तकात."

त्या दिवाळीत जव्हारला गेलो तर दुकान बंद. पाट्या आता मशीनवर छापून येत होत्या. चाचांच्या घरी गेलो. डोळ्यांत मोतीबिंदू, नात हाताला धरून त्यांना बाहेर घेऊन आली. "पोरं म्हणतात ते खरं," चाचा म्हणाले. "माझं काम आता कुणाच्या उपयोगाचं नाही." मी चहा पीत राहिलो.

परत आल्यावरही फोनवर बोलायला जीभ उचलेना. शेवटी पत्र लिहिलं:

"चाचा, सलाम.
तुमचं काम कुणाच्या उपयोगाचं नाही म्हणालात तेव्हा मी गप्प बसलो, ते चुकलं. माझी नोकरी तुमच्या सांगण्याने टिकली आणि ऑफिसात मी पुस्तकाचं नाव पुढे केलं. पाट्या रंगवणाऱ्याकडून शिकलो असं सांगायची मला लाज वाटली. काल साहेबांना खरं सांगितलं. ते 'बरं' म्हणाले आणि कामाला लागले. एवढंच झालं. तुम्हाला राग आला तर तो बरोबर आहे. हे पत्र तुमची नात वाचून दाखवेल. तिलाही कळू दे, म्हणूनही फोन न करता लिहिलं."