बर्फाच्या पाण्यातली नखं

नेलपॉलिशचा वास आला की मला अजूनही तो दिवस आठवतो. अकोल्याला मामीकडे मला पाहायला पाहुणे येणार होते, म्हणून रंग लवकर सुकावा यासाठी मी दहाही बोटं बर्फाच्या पाण्यात बुडवून बसले होते. बेल वाजली तसं पातेलं ओट्यावरच ठेवून मी बाहेर गेले. मुलाच्या आईनं माझा हात ओढला, अंगठ्यावरचा रंग आपल्या नखानं खरवडला आणि बोट माझ्याच ओढणीला पुसलं. "खाली डाग तं नाई ना, पाहून राहिली मी." तेवढ्यात मामीनं लिंबाचं शरबत आणलं. "पाणी कोणतं घेतलं?" मी तिच्या कानात विचारलं. "ओट्यावरचं, बर्फाचं. कावून?" मी ग्लास उचलून बाईंपुढे धरला. बाईंनी दोन ग्लास संपवले. तिसरा आग्रहानं द्यायला हवा होता, असं मला आजही वाटतं.